बाळंतिणींचे चाचा

माझ्या आयुष्यात दोनच पुरुषांनी माझ्या केसांतल्या पिना काढून घेतल्या. एक माझा नवरा. त्याच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण तो अजून आहे, शेजारच्या खोलीत आहे, आणि चष्मा लावून मराठी वाचतो. दुसरे चाचा. चाचांना माझ्या केसांत काडीचा रस नव्हता, त्यांना फक्त पिन हवी असायची. ती पक्कडीने सरळ करायची, टोकाला एवढासा आकडा वळवायचा आणि तो आकडा रायफलीच्या उडवलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत घालून आतली भिंत चाचपायची. बुडाजवळ आकडा अडखळला की समजायचं, इथे पितळ आतून झिजलं. ही पुंगळी पुन्हा भरली तर फाटणार.

"चाचा, बाजारात तारेचं भेंडोळं मिळतं," मी एकदा म्हटलं.

"मिळतंय. पन तुझी पिन बरी गो. तेल लावलेली असते."

संध्याकाळी मी केस मोकळे सोडून घरी जायची. नवऱ्याला वाटायचं, नोकरी लागल्यापासून बायको जरा स्टायलिश झाली.

तर ही नोकरी. बहरीनमधल्या सलमाबादमध्ये गोदामांच्या रांगेत एक पत्र्याची शेड होती, एका शूटिंग क्लबची. क्लब दूर दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी. तिथे लोक नेमबाजीचा सराव करायचे आणि उडवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पोत्यांत भरून आमच्याकडे यायच्या, काळ्या, तेलकट, वाळूने माखलेल्या. आम्ही त्या धुऊन, पुसून, मापात आणून परत पाठवायचो. मग क्लबातच, पहाऱ्यातल्या एका खोलीत, हसन नावाचा बहरिनी माणूस त्यांत नवी दारू आणि गोळी भरायचा. आमच्या शेडमध्ये दारूचा कणही येत नसे. शेडमध्ये चाचा, मी, दोन-तीन यंत्रं आणि एक एसी. त्या एसीबद्दल पुढे सांगते.

मी तेव्हा चव्वेचाळीसची होते. म्हणजे आत्ताच्या नजरेनं कोवळी. वसईहून नवऱ्यामागे आलेली, मुलगी शाळेत, घरी बसून कंटाळलेली, आणि टायपिंग-कॉम्प्युटर येतं म्हणून स्वतःला मोठी ऑफिसर समजणारी. मुलाखतीत क्लबच्या गोऱ्या मॅनेजरने, म्हणजे आमच्या साहेबाने, विचारलं, "अरबी येतं?" मी म्हटलं, "येतं." मला चार शब्द येत होते: खलास, यल्ला म्हणजे चला, इंशाल्ला, आणि मफी म्हणजे नाही. या चार शब्दांवर बहरीनमध्ये माणूस वीस वर्षं सुखाने काढू शकतो. फक्त समोरच्याने उलट काही बोलता कामा नये.

पहिल्या दिवशी मी उंच टाचांचे सँडल आणि गुलाबी नेलपॉलिश लावून शेडमध्ये शिरले. एका शिसवी पाटासमोर मांडी घालून एक वाळका, दाढीवाला म्हातारा बसला होता. त्याने माझ्या बोटांकडे बघितलं.

"वसईची काय तू?"

"हो."

"बरां झालां, मराठी बोलाया कोन तरी आलां. पन ती रंगाची नखं घेऊन माझ्या बाळंतिणींना हात लावू नको हां, बाय."

मला वाटलं, पत्ता चुकला. सलमाबादमध्ये प्रसूतिगृह कधी निघालं?

मग कळलं, बाळंतिणी म्हणजे पुंगळ्या. चाचा श्रीवर्धनकडच्या एका गावचे, आणि त्यांची आई गावची सुईण. लहानपणी तिच्यामागून कंदील घेऊन हिंडलेला हा माणूस. पुढे बहरीनमध्ये येऊन पितळाचं काम शिकला, पण त्या कामाचे इंग्रजी शब्द काही जिभेवर बसेनात. मग त्यांनी आईचे शब्द लावले, आणि ते असे चपखल बसले की मला आजतागायत खरे शब्द आठवत नाहीत. गोळी सुटली म्हणजे बाई मोकळी झाली. आधी तिची वार पाडायची, म्हणजे बुडातली वापरलेली टोपी सुईने ठोकून बाहेर काढायची. मग न्हाणं: मक्याच्या कणसाचा भुसा भरलेल्या एका थरथरत्या भांड्यात दोन-तीन तास घुसळायचं की पितळ लखलखतं. बार उडताना पुंगळी फुगते, म्हणून दाबयंत्रात घालून तिचं पोट बांधायचं. गळा कडक झाला असेल तर ज्योतीवर शेक. आणि पाच बाळंतपणं झाली की आराम, मग ती कितीही धडधाकट दिसो.

"माझ्या आवशीनं बारा पोरांच्या बायका बगितल्यान," ते म्हणायचे. "तिचा आनी नवऱ्यांचा रोज झगडा. हितं नवरे बोलत नायत, तेवढं सुख हाय."

साहेब महिन्यातून एकदा पाहणीला यायचा आणि काम कुठवर आलं ते विचारायचा. चाचा सांगायचे, "बोल त्याला, दोनशेंची वार पडली, शंभर न्हातायत, बाकीच्यांची पोटां बांधायची हायत." मी गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत सांगायची, "सर, काम वेळापत्रकाप्रमाणे चालू आहे."

एकदा क्लबच्या वार्षिक दिवशी साहेबाने मोठ्या प्रेमाने त्यांच्यापुढे रायफल धरली. इतकी वर्षं तुम्ही यांच्यासाठी राबता, एक तरी बार टाका. चाचा दोन पावलं मागे सरले.

"त्याला सांग, सुईनीनं सुईनीचं काम करावं. नवऱ्याचं काम नवऱ्यानं."

सगळे माझ्याकडे बघत होते. "सर, ते नको म्हणतात, थँक यू म्हणतात," मी भाषांतर केलं.

आता एसी. सगळं झाल्यावर चाचा प्रत्येक पुंगळीचा आवाज घ्यायचे. वीतभर उंचीवरून ती पाटावर टाकायची. धड असेल तर टिंग. गळ्याला केसाएवढी चीर असेल तर ठक. त्यासाठी न्हाण्याचं यंत्र बंद, पंखा बंद, एसी बंद. ऑगस्ट महिना, पत्र्याची शेड, आणि हा माणूस डावा कान पाटाकडे करून ध्यान लावल्यासारखा बसलेला. उजवा कान कधीच गेला होता, सुरुवातीची वर्षं क्लबाच्या आवारात, गोळीबाराशेजारी राहून राहून. मी फाइलीने वारा घेत बसायची. मला तर सगळं टिंगच ऐकू यायचं, आणि गालावरून पावडर ओघळायची.

ठक झालेली किंवा आतून झिजलेली पुंगळी दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात जायची. डब्याला एक लाल चिंधी बांधलेली, चाचांच्या जुन्या लुंगीची. चांगल्यांच्या ट्रेला पांढरी चिंधी. हसनसुद्धा तेवढंच बघायचा: पांढरी न्यायची, लालला हात लावायचा नाही. शिवाय रोज संध्याकाळी डबा उपडा करून चाचा एकेक ठकलेली पक्कडीत धरायचे आणि तिचं तोंड दाबून चपटं करायचे. "हिला आता कोन भरनार नाय," दर वेळी म्हणायचे. एका डब्यात पंधरा असल्या तर पंधरा वेळा.

हे सगळं मला फार गावठी वाटायचं. चिंध्या काय, डबे काय! कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे, सिस्टीम पाहिजे. मी दोनदा चाचांना सिस्टीमबद्दल समजावलं. त्यांनी दोनदा माझी पिन मागितली.

नंतर नंतर चाचा एक पुंगळी दोन-दोनदा टाकायला लागले. मग म्हणाले, तुझ्या बांगड्या वाजतात, काढ. काढल्या. मग म्हणाले, काय चावतेस, थुंक. थुंकले. मग रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना शिव्या. गावी बायकोशी फोनवर इतके ओरडायचे की मी एकदा म्हटलं, "चाचा, फोन ठेवा, नुसतंच ओरडा, पोचेल." मला वाटलं, म्हातारा दिवसेंदिवस जास्त विक्षिप्त होतोय. माझी बुद्धी तेव्हा एवढीच.

एका मंगळवारी त्यांनी दोन दिवसांची रजा घेतली. वीस वर्षांत पहिली. कशासाठी ते सांगितलं नाही. जाताना डबा माझ्यापुढे ठेवला.

"एकोनीस हायत. तोंडां दाबून टाक. इसरू नको."

मी हो म्हटलं. पण त्याच सकाळी मी नखांना नवीन रंग लावला होता, मोतिया. पक्कड धरून एकोणीस पितळी नळ्या चेमटवायच्या म्हणजे नखांचं काय होणार? उद्या बघू म्हटलं, आणि माझी सिस्टीम सुरू केली. लाल-पांढऱ्या चिंध्या कचऱ्यात. एकोणीस ठकलेल्या डब्यातून काढून एका स्वच्छ ट्रेमध्ये रांगेत उभ्या केल्या, पहिलीतल्या मुलांसारख्या. साहेबाला एक सचित्र रिपोर्टही द्यायचा होता. आणि मग लेबल. हसनला वाचता यावं म्हणून अरबी शब्द हवा. मेलेल्या, वाया गेलेल्या, संपलेल्या पुंगळ्यांसाठी अरबी शब्द कोणता? माझ्या चारांपैकी एक तर अगदी आयता होता! आमच्याकडे वसई-मुंबईत माणसाचा खून झाला तरी लोक म्हणतात, खलास केला. मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलं: खलास. भोवती फुलांची कडा घातली.

चांगल्या पुंगळ्यांची लेबलं बाकी होती, त्या आतल्या खोलीत राहिल्या.

बुधवारी हसन गाडी घेऊन आला. त्याने ट्रे बघितला, लेबल वाचलं, खूश झाला.

"खलास?"

"खलास, खलास!" मी म्हटलं.

"बाकी?"

"मफी."

"बाकी बुकरा?" म्हणजे उद्या, हे मला अंदाजाने कळलं.

"इंशाल्ला."

"यल्ला," हसन म्हणाला. मीही म्हटलं, "यल्ला." त्याने छातीवर हात ठेवून शुक्रन म्हटलं आणि ट्रे घेऊन गेला. मला वाटलं, काय सज्जन माणूस, भंगारसुद्धा आभार मानून नेतो. चारही शब्द एका संभाषणात वापरून झाले होते. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं, "माझं अरबी आता फ्लुएंट झालंय."

गुरुवारी सकाळी चाचा आले. डाव्या कानात कापूस. इकडे तिकडे बघितलं.

"डबा खंय?"

मी मोठ्याने, अभिमानाने सगळी सिस्टीम सांगितली. भंगार हसन घेऊन गेला.

"हसन? भंगार? त्यानं काय विचारलान?"

"विचारलं, खलास? मी म्हटलं, खलास."

चाचा पाटावर बसले.

"मॅडम," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. "आपल्यात खलास म्हंजे मेली. त्यांच्यात खलास म्हंजे झाली. काम झालां, तयार हाय. तू त्याला मेलेल्या दिल्यास नि सांगितलंस, घे, भर."

मी हसनला फोन लावला. लागेना. भरायच्या खोलीत फोन नेऊ देत नाहीत. चाचांनी त्यांचा जुना पिकअप काढला, पाट मांडीवर घेऊन मी शेजारी बसले. अख्ख्या रस्त्यात ते समोर बघून गाडी हाकत होते. मी तीनदा सॉरी म्हटलं, त्यांनी मानही वळवली नाही. मला वाटलं, रागावलेत.

देवाची कृपा, हसन चहा पीत बसला होता आणि दारू अजून कपाटात होती. पण आमच्या एकोणीस त्याने आधीच्या चारशे तयार पुंगळ्यांत ओतल्या होत्या. मोठं घमेलं, आणि त्यात सगळ्या सारख्याच लखलखत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या मुलींच्या तुकडीचा पहिला सराव. साहेब आला. काय गोंधळ झाला विचारलं. मी सांगायला लागले, पण मराठीत खलास म्हणजे काय ते इंग्रजीत नीट सांगता येईना. शेवटी मी डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली, मान टाकली. अशी मी क्लबच्या ऑफिसात, मोतिया नखांसकट, मेले. हसन पोट धरून हसला. साहेब हसला नाही.

"एकोणीसच्या एकोणीस शोधा," तो म्हणाला. "नाही सापडल्या तर शेड बंद. कारखान्यातली काडतुसं विकत घेऊ. हा माणूस कानाने ओळखतो म्हणे. बघू दे मला."

एसी बंद झाला. साहेब आणि हसन भिंतीला टेकून उभे. चाचांनी पाट मांडला, पहिली पुंगळी उचलली, आणि माझ्याकडे न बघता, जणू चहात साखर किती असं विचारावं तशा आवाजात, मराठीत म्हणाले:

"बाय, मना ऐकू येत नाय. डॉक्टर बोलला, दुसरा कान पन गेला. जवळून मोठ्यानं बोललीस तर तेवढं कळतंय. तू ऐक. ठक झालां की खोक."

"चाचा," मी त्यांच्या कानाशी वाकून, ओठांवर गोड हसू ठेवून म्हटलं, "मला सगळं टिंगच ऐकू येतं हो!"

"उद्या एक पोरगी गाल टेकवून बसंल बंदुकीला. तिच्या गालाशी फाटंल ती. ऐक."

"काय म्हणतोय?" साहेबाने विचारलं.

"सर, ते म्हणतात, फार गरम होतंय."

मी बांगड्या काढल्या, कानातले काढले, सँडल काढले. का ते माहीत नाही, पण सँडलही काढले. चाचा टाकायला लागले. टिंग. टिंग. टिंग. त्या मुलीचा गाल माझ्या डोळ्यांपुढे, आणि तो दर वेळी माझ्या लेकीचाच दिसायचा. मग चाळिसाव्याला की कितव्याला कुणीतरी नाण्याऐवजी बटण टाकावं तसं झालं. ठक! मी खोकले. चाचांनी ती बाजूला ठेवली. एकदा तो फरक ऐकू आला आणि मग तो न ऐकणं अशक्य झालं. आतून झिजलेल्यांसाठी आवाज पुरत नाही, तिथे चाचांची बोटं आणि माझी पिन. आकडा अडला की ते स्वतःच बाजूला ठेवायचे. बाकी सगळा माझा खोकला.

नवव्या खोकल्याला हसनने पाणी आणलं. बाराव्याला मध-लिंबू. साहेब जरा लांब सरकून उभा राहिला, त्याला वाटलं असेल मला छातीचं काही दुखणं आहे.

घमेलं संपलं. बाजूला अठरा.

चाचांनी पुन्हा सगळं घमेलं उपडं केलं. पुन्हा चारशे. माझी पाठ ओली, डोळ्यांत घाम. अठरा म्हणजे अठराच. साहेबाने घड्याळ बघितलं आणि दाराकडे वळला. एकच राहिली होती, पण ती एकच कुठल्या तरी पोरीच्या गालाशी जाणार होती.

मी घाम पुसायला पर्समधून रुमाल ओढला. त्याच्याबरोबर काहीतरी बाहेर आलं आणि पाटावर पडलं.

ठक.

आणि मी सवयीने खोकले.

एकोणिसावी! साहेबाच्या रिपोर्टसाठी फोटो काढायला मीच घेतली होती आणि लिपस्टिकशेजारी टाकून विसरले होते. चाचांनी पुंगळीकडे बघितलंच नाही. ते माझ्या खोकल्याकडे बघत होते. दाढीत हळूच हसू फुटलं.

"वार पडली," ते म्हणाले. "बाई सुटली."

"सर, ते म्हणतात, काम पूर्ण झालं," मी म्हटलं.

एकोणिसावी त्यांनी खिशात टाकली. उरलेल्या अठरांची तोंडं त्या संध्याकाळी मी दाबली. तीन नखं गेली. प्रत्येकीला "हिला आता कोन भरनार नाय" म्हणायला लावलं त्यांनी.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही दोघांनी मिळून एक कान चालवला. चाचा पाटावर टाकायचे, मी समोर टाइप करता करता ठक झालं की बोट वर करायची. खोकला सोडला, कारण नवऱ्याने छातीचा एक्स-रे काढायला लावला होता. साहेबाला कधी कळलं नाही. एका वार्षिक दिवशी त्याने भाषणात चाचांच्या कानांची तारीफ केली. चाचांनी मला विचारलं, "काय बोलतोय?" मी म्हटलं, "तुमच्या कानांबद्दल चांगलं बोलतोय." ते इतके हसले की खुर्चीवरून घसरले.

मग एक दिवस ते स्वतःच म्हणाले, "पाच झाली गो. आता आराम." व्हिसा रद्द केला आणि गावी गेले. निघताना माझ्या हातात लाल चिंधीत गुंडाळलेली ती एकोणिसावी दिली, तोंड चपटं केलेली. शेजारी माझी एक पिन होती, आकडा सरळ करून दिलेली.

आता मी बहरीनमध्येच, बुसैतीनला मुलीकडे असते. माझाही डावा कान गेल्या वर्षीपासून रुसलाय. ईदला आणि नाताळला चाचांचा व्हिडिओ कॉल येतो. त्यांना माझं ऐकू येत नाही, मला त्यांचं अर्धं येतं, म्हणून आम्ही वस्तू दाखवतो. ते पाट दाखवतात, मी पुंगळी दाखवते. नात मध्ये बसून म्हणते, "आजी, इज दिस इव्हन अ कॉल?"

परवा मी मुलीला सांगितलं, मी गेले की माझ्या शवपेटीवर एक लेबल लाव. मोठ्या अक्षरांत खलास, भोवती फुलांची कडा. मुलगी म्हणाली, "मम्मी, प्लीज!" नात मात्र विचारात पडली.

"आजी, अरबी खलास की मराठी खलास? डेड की रेडी?"

"ते आत्ता कशाला ठरवायचं?" मी म्हटलं. "आधी एकदा पाटावर टाकून ऐका. टिंग झालं तर घरी परत आणा."